संमतीचा रकाना: जैवविविधता कराराच्या सदस्य राष्ट्रांना खुले पत्र

प्रति,
जैवविविधता कराराच्या सर्व सदस्य राष्ट्रांचे प्रतिनिधी यांस

सन्माननीय प्रतिनिधीहो,

वनस्पतिसंग्रहालयात वाळवून ठेवलेल्या नमुन्याच्या कागदावर खालच्या उजव्या कोपऱ्यात एक लेबल चिकटवलेले असते. वनस्पतीचे शास्त्रीय नाव, कुळ, नमुना जिथून आणला ते ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि त्याचा क्रमांक अशी माहिती त्यावर ठरावीक क्रमाने लिहितात, आणि सर्वांत शेवटी 'शेरा' नावाचा एक मोकळा रकाना असतो. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे अशी लेबले लिहिण्यात गेली. शेऱ्याच्या रकान्यात मी शेकडो वेळा 'स्थानिक लोक साल उकळून ताप उतरवण्यासाठी घेतात' किंवा 'मुळी उगाळून दंशावर लावतात' अशा धर्तीची वाक्ये लिहिली. ही माहिती मला कोणीतरी दिलेली असे. बहुतेक वेळा ती देणारी एखादी वयस्कर बाई असे; ती आमच्याबरोबर चार तास चढण चढे, झुडपाची फांदी वाकवून दाखवी, पान चुरडून वास घ्यायला लावी. लेबलावर माझे नाव आले, माझ्या वरिष्ठांचे आले, मागाहून ती वनस्पती ओळखणाऱ्या तज्ज्ञांचेही आले. तिचे नाव मात्र 'स्थानिक लोक' या दोन शब्दांत विरून गेले. तू सांगतेस ते कागदावर उतरवू का, आणि उतरवले तर पुढे ते कोणाकोणाच्या हाती जाऊ शकते, हे मी तिला कधी विचारले नाही, कारण तशा प्रश्नासाठी लेबलावर जागा नव्हती आणि आमच्या प्रशिक्षणातही तो कोणी शिकवला नव्हता.

हे पत्र त्या नसलेल्या रकान्याविषयी आहे. जैवसंपत्तीच्या व्यापारी वापरासंबंधी आपण गेली तीस वर्षे ज्या बैठका घेत आहात, त्यांतील बराचसा वेळ लाभाच्या वाटपावर, टक्केवारीवर आणि निधीच्या रचनेवर खर्च होतो. माझे म्हणणे इतकेच आहे की टक्केवारीच्या आधी संमती येते, आणि ती संमती नमुन्यापासून जनुकीय क्रमाच्या (म्हणजे डीएनएमधील अक्षरांच्या ओळीच्या) नोंदीपर्यंत व तिथून पेटंटच्या अर्जापर्यंत सोबत जाईल अशी तरतूद कायद्याने केल्याशिवाय लाभवाटप हे घेणाऱ्याच्या मर्जीवरच चालत राहील.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते. बायोप्रॉस्पेक्टिंग, म्हणजे वनस्पती, प्राणी आणि सूक्ष्मजीव यांच्यात औषध, पीक, सौंदर्यप्रसाधन किंवा उद्योगाला उपयोगी पडेल असे काही सापडते का याचा व्यापारी शोध, हे काम मुळात वाईट आहे असे मी मानत नाही. सदाफुलीच्या पानांतून विनक्रिस्टिन आणि विनब्लास्टिन मिळाली नसती, तर रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या कित्येक मुलांना वाचवता आले नसते. याच सदाफुलीचे उदाहरण जैवचौर्याची, म्हणजे न विचारता जैवसंपत्ती नेण्याची, ठळक घटना म्हणून दिले जाते, कारण ती मूळची मादागास्करची आणि त्या देशाच्या पदरात काही पडले नाही. पण हे झाड कित्येक वर्षांपूर्वीच उष्ण कटिबंधात सगळीकडे पसरले होते, आणि १९५०च्या दशकात कॅनडातील प्रयोगशाळेत जी पाने पोहोचली ती जमैकातून, तेही तिथले लोक मधुमेहावर तिचा काढा घेतात या माहितीच्या आधारे. मग ऋण कोणाचे मानायचे, मादागास्करचे की जमैकाचे? चोरीचा आरोप करणाऱ्याला मालक कोण हे सांगता आले पाहिजे, आणि जिवंत सृष्टीच्या बाबतीत ते पुष्कळदा अवघड असते. हे मान्य करूनच पुढचे लिहीत आहे. झाडाचा मालक सांगता येत नसला, तरी त्या झाडाविषयी कोणी काय सांगितले हे बहुतेक वेळा सांगता येते, फक्त ते त्याच वेळी लिहून ठेवावे लागते.

लिहून न ठेवल्याने काय होते याचे एक जुने उदाहरण मला फार अस्वस्थ करते. मॅन्युएल इन्क्रा मामानी हा बोलिव्हियातील आयमारा माणूस सिंकोनाची झाडे ओळखण्यात पारंगत होता. कोणत्या झाडाच्या सालीत क्विनाइन हे हिवतापावरचे औषध भरपूर आहे आणि कोणते झाड नुसतेच तसे दिसते, हा फरक त्याला कळत असे, युरोपातील वनस्पतिशास्त्रज्ञांना कळत नसे. चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्यासाठी त्याने उत्तम झाडांचे बी गोळा केले. ते १८६५ साली लंडनला पोहोचले, ब्रिटिशांनी त्यात रस दाखवला नाही, डचांनी थोडे विकत घेऊन जावा बेटावर लावले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीस जगातील बहुतांश क्विनाइन जावातून येऊ लागले. बोलिव्हियाने बी बाहेर नेण्यास बंदी घातलेली होती. मामानी पुन्हा बी आणायला गेला तेव्हा त्याला पकडून मारहाण झाली आणि त्यातून तो वाचला नाही. त्या झाडाला शास्त्रात लेजेरियाना असे नाव मिळाले, म्हणजे बी विकणाऱ्याचे. ज्याला झाड कळत होते त्याचे नाव आज इतिहासाच्या अभ्यासकांखेरीज फारसे कोणाला माहीत नाही. या घटनेत मला आणखी एक गोष्ट दिसते, आणि तिच्याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छिते: मामानीला शिक्षा करणारे त्याचेच राज्य होते. जैवसंपत्तीचे रक्षण करणारे राज्य आणि जैवसंपत्ती जाणणारा माणूस हे एकाच बाजूला उभे असतात असे आपण गृहीत धरतो. ते नेहमी तसे नसतात.

५ जून १९९२ रोजी रिओ दि जानेरो येथे स्वाक्षऱ्यांसाठी खुला झालेला आणि २९ डिसेंबर १९९३ पासून अमलात आलेला आपला करार या बाबतीत मोठे पाऊल होते, यात शंका नाही. त्यापूर्वी जंगलातील जीवसृष्टी ही सर्व मानवजातीची सामाईक ठेव मानली जाई, आणि प्रत्यक्षात त्याचा अर्थ ज्याच्याकडे जहाज आणि प्रयोगशाळा आहे त्याने ती घ्यावी असा होई. कराराने ती त्या त्या राष्ट्राच्या सार्वभौम अधिकारात आणली. २०१० साली मान्य झालेल्या आणि १२ ऑक्टोबर २०१४ पासून लागू झालेल्या नागोया प्रोटोकॉलने परवानगी आणि लाभवाटप यांची रीत घालून दिली. पण मूळ कराराचे कलम ८(जे) आणि नागोया प्रोटोकॉलचे कलम ७ शांतपणे वाचले, तर मूलनिवासी आणि स्थानिक समुदायांच्या संमतीचा उल्लेख जिथे जिथे येतो, तिथे तिथे 'देशांतर्गत कायद्यानुसार' किंवा 'राष्ट्रीय कायद्याच्या अधीन राहून' हे शब्द तिच्या आधी उभे असलेले दिसतात. म्हणजे समुदायाची संमती ही राज्याने देऊ केली तर मिळणारी गोष्ट ठरली. सार्वभौमत्व राज्याला बिनशर्त मिळाले आणि संमती समुदायाला सशर्त मिळाली. आपल्यापैकी अनेक राष्ट्रांनी या शब्दांचा आधार घेऊन परवाना देण्याचा अधिकार राजधानीतल्या एका कार्यालयात ठेवला आहे, आणि ज्यांचे ज्ञान विकले जात आहे त्यांना तो परवाना निघाल्याचे वर्तमानपत्रातून कळते.

हुडियाच्या बाबतीत हे अक्षरशः घडले. दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशात वाढणारी हुडिया ही निवडुंगासारखी दिसणारी वनस्पती आहे. लांबच्या शिकारीवर निघालेले सान हे तिथले मूलनिवासी लोक तिच्या देठाचा तुकडा सोलून चघळतात, त्यामुळे भूक आणि तहान मरते. दक्षिण आफ्रिकेच्या शासकीय संशोधन परिषदेने रानटी खाद्य वनस्पतींच्या अभ्यासात १९६०च्या दशकात ती तपासायला घेतली, त्यातील भूक कमी करणारे द्रव्य वेगळे केले आणि १९९५ साली त्यावर पेटंटसाठी अर्ज केला. १९९७ मध्ये ब्रिटनमधील फायटोफार्म या कंपनीला परवाना मिळाला, पुढच्या वर्षी फायझर त्यात आली. या सगळ्या काळात सान लोकांना कोणी काही विचारले नाही. २००१ साली ही गोष्ट वृत्तपत्रांत आली तेव्हा फायटोफार्मच्या प्रमुखांनी ज्यांच्याकडून ही माहिती आली ते लोक आता अस्तित्वात नाहीत असा आपला समज असल्याचे सांगितले. त्या वेळी सुमारे एक लाख सान लोक दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोट्सवाना आणि अंगोला या देशांत राहत होते.

पुढे सान संघटनांनी वकिलांच्या मदतीने वाटाघाटी केल्या आणि मार्च २००३ मध्ये करार झाला: संशोधन परिषदेला मिळणाऱ्या रॉयल्टीचा सहा टक्के आणि संशोधनाचे टप्पे पूर्ण झाल्यावर मिळणाऱ्या रकमेचा आठ टक्के वाटा सान लोकांचा. हा करार आदर्श म्हणून पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो, आणि विचारले न गेलेल्या लोकांनी टेबलापर्यंत पोहोचून तो मिळवला याबद्दल मला आदर आहे. पण फायझर त्याच वर्षी बाहेर पडली, नंतर आलेल्या युनिलिव्हरनेही २००८ मध्ये काम थांबवले, औषध बाजारात आलेच नाही आणि सान लोकांच्या हाती फारच थोडे पैसे लागले. दरम्यान हुडियाच्या नावाने गोळ्या विकणाऱ्या कितीतरी छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. पेटंटशी त्यांचा संबंध नव्हता, त्यामुळे करारही त्यांना लागू नव्हता. नफ्याच्या टक्केवारीवर बांधलेला न्याय नफा झाला तरच मिळतो, आणि बायोप्रॉस्पेक्टिंगच्या बहुतेक प्रकल्पांना नफा होतच नाही. संमतीचे तसे नसते. ती पहिल्या दिवशी घ्यावी लागते, औषध निघो वा न निघो. सान लोकांनी यातून जे शिकायचे ते शिकले, आणि २०१७ मध्ये त्यांनी संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता प्रसिद्ध केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि रीतसर प्रक्रिया एवढ्याच गोष्टी त्यांनी संशोधकाकडे मागितल्या आहेत, आणि आपल्या कित्येक ठरावांपेक्षा ती वाचायला सोपी आहे. चहासारखे पेय करतात त्या दक्षिण आफ्रिकेतील रूइबोसच्या पानांबाबत तर नोव्हेंबर २०१९ मध्ये खोई आणि सान समुदायांनी संपूर्ण उद्योगाशी करार करून शेतावरील किमतीच्या दीड टक्क्याची आकारणी मिळवली. तिथे रक्कम नव्या औषधाच्या आशेवर अवलंबून नाही, विकल्या जाणाऱ्या पानांवर आहे, म्हणून ती प्रत्यक्षात पोहोचली.

पेटंट रद्द झाले की न्याय झाला, असा एक सार्वत्रिक समज आहे, त्याबद्दलही बोलले पाहिजे. हळदीने जखम भरण्यावरचे अमेरिकी पेटंट मार्च १९९५ मध्ये दिले गेले आणि ऑगस्ट १९९७ मध्ये रद्द झाले. कडुनिंबाच्या तेलापासून बुरशीनाशक बनवण्यावरचे युरोपीय पेटंट २००० साली रद्द होऊन २००५ मध्ये अपिलातही टिकले नाही. या कहाण्या आपण सर्व जाणता. हळदीच्या वेळी निर्णायक ठरले ते ग्रंथांतले आणि नियतकालिकांतले छापील पुरावे. त्या काळच्या अमेरिकी कायद्यात परदेशातील ज्ञान 'आधीच माहीत असलेले' ठरण्यासाठी ते छापलेले किंवा पेटंट झालेले असणे आवश्यक होते. परदेशात लाखो लोक एखादी गोष्ट रोज करत आहेत एवढे पुरेसे नव्हते. ज्या समुदायांकडे लिपी नव्हती किंवा ज्यांनी आपले ज्ञान मुद्दाम लिहिले नाही, त्यांना हा मार्ग बंदच होता. शिवाय पेटंट रद्द झाल्याने ते ज्ञान ज्यांचे होते त्यांच्याकडे परत जात नाही, ते सर्वांसाठी मोकळे होते, आणि त्याचा पहिला फायदा पुन्हा ज्याच्याकडे कारखाना आहे त्यालाच मिळतो. पारंपरिक ज्ञानाचे मोठमोठे डिजिटल संग्रह तयार करून पेटंट कार्यालयांना देण्याचा उपाय चुकीची पेटंटे अडवायला उपयोगी आहे, परंतु असा प्रत्येक संग्रह 'हे लिहायचे की नाही' हा प्रश्न समुदायाला विचारूनच तयार झाला आहे का, हे मी आपल्याला विचारू इच्छिते.

पेटंट रद्द करून घेण्यास किती काळ लागतो तेही पाहा. अमेरिकेतील एका बियाणे व्यावसायिकाने १९९४ मध्ये मेक्सिकोत पिवळ्या घेवड्याची एक पिशवी विकत घेतली, काही हंगाम त्यातून निवड केली आणि एप्रिल १९९९ मध्ये 'एनोला' या नावाने त्यावर पेटंट मिळवले. मग त्याने पिवळा घेवडा आयात करणाऱ्यांवर दावे लावले, आणि मेक्सिकोतील शेतकऱ्यांच्या निर्यातीला त्याचा फटका बसला. कोलंबियातील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय शेती केंद्राने २००० साली त्याला आव्हान दिले. त्यांच्या बियाणे संग्रहात तसाच घेवडा आधीपासून होता. तरीही शेवटचा निकाल जुलै २००९ मध्ये लागला. पेटंटचे निम्मे आयुष्य चुकीच्या माणसाच्या खिशात गेले, आणि ज्यांची विक्री थांबली त्यांना कोणी भरपाई दिली नाही. पेटंटच्या अर्जात पहिल्याच दिवशी 'हे बी कुठून आणले आणि कोणाच्या संमतीने' हा रकाना असता, तर परीक्षकाला निदान प्रश्न विचारावा लागला असता.

त्या रकान्याच्या सर्वांत जवळ जाणारा कायदा आता आला आहे. बौद्धिक संपदा, जनुकीय संसाधने आणि संबंधित पारंपरिक ज्ञान यांविषयीचा करार २४ मे २०२४ रोजी जिनिव्हात मान्य झाला. कोलंबियाने १९९९ मध्ये मांडलेल्या प्रस्तावाला फळ यायला पाव शतक लागले. या करारानुसार पेटंट मागणाऱ्याने जनुकीय संसाधनाचा मूळ देश आणि पारंपरिक ज्ञान ज्यांनी दिले तो समुदाय जाहीर करायचा आहे. मी या कराराचे मनापासून स्वागत करते, पण त्यात दोन उणिवा आहेत आणि त्यांतून बरेच पाणी गळेल. एक तर, अर्जदाराने फक्त मूळ सांगायचे आहे, संमती घेतली होती की नाही हे सांगायचे बंधन नाही. दुसरे, माहिती दिली नाही एवढ्याच कारणाने दिलेले पेटंट रद्द करता येणार नाही. फसवणुकीचा हेतू सिद्ध झाला तरच राष्ट्रीय कायद्याला कठोर कारवाईचा मार्ग मोकळा राहतो. हेतू सिद्ध करणे किती कठीण असते हे आपल्यातील प्रत्येक कायदेतज्ज्ञ जाणतो. तरी दरवाजा पूर्ण बंद नाही. करार ही किमान मर्यादा आहे, आणि आपल्या देशाच्या पेटंट कायद्यात संमतीच्या पुराव्याची अट घालण्याचा मार्ग आपण शोधू शकता. त्यासाठी आधी त्या कराराला पुरेशा राष्ट्रांचे अनुसमर्थन, म्हणजे स्वाक्षरीनंतरची अधिकृत मान्यता, लाभले पाहिजे.

आता ज्या प्रश्नाने आपल्या बैठकांना सर्वाधिक घाम फोडला आहे तिकडे वळते. नागोया प्रोटोकॉल लिहिला गेला तेव्हा जैवसंपत्ती म्हणजे पान, साल, बी, मातीची कुपी असे समजले जाई. आज संशोधकाला पान लागत नाही. जनुकीय क्रम सार्वजनिक संग्रहांत मोफत उपलब्ध असतो, आणि त्यावरून हवे ते प्रथिन प्रयोगशाळेत बनवता येते. सीमेवर नमुना अडवणारा कायदा संगणकावरच्या अक्षरांना अडवू शकत नाही. नमुन्याचा मागोवा सुटला की काय होते हे त्याच्याही आधी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील उष्ण झऱ्यात दिसले होते. थॉमस ब्रॉक यांनी १९६६ मध्ये तिथून थर्मस ॲक्वाटिकस हा जिवाणू आणला आणि तो एका सार्वजनिक संग्रहात ठेवला. त्याच्यातील उष्णता सहन करणाऱ्या विकरावर (एन्झाइमवर) पीसीआरचे, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याचे, तंत्र उभे राहिले, १९९१ मध्ये त्या तंत्राचे हक्क रोश या कंपनीने ३० कोटी डॉलरना विकत घेतले, आणि उद्यानाच्या वाट्याला काहीच आले नाही. हे अमेरिकेच्या स्वतःच्या भूमीवर घडले. अमेरिकेने आपल्या करारावर १९९३ मध्ये स्वाक्षरी केली, अनुसमर्थन मात्र आजवर दिलेले नाही; परंतु तिच्या उद्यानाचा हा अनुभव कराराच्या बाजूनेच साक्ष देतो.

आपण २०२४ साली कोलंबियातील कॅली येथे या प्रश्नावर एक मार्ग काढला. जनुकीय क्रमांच्या माहितीचा व्यापारी वापर करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा एक टक्का किंवा उलाढालीचा एक दशांश टक्का कॅली निधीत द्यावा आणि त्या निधीचा किमान निम्मा भाग मूलनिवासी व स्थानिक समुदायांच्या गरजांसाठी जावा, असे ठरले. निधी फेब्रुवारी २०२५ मध्ये रोम येथे सुरू झाला. प्रत्येक क्रमासाठी स्वतंत्र परवाना मागण्यापेक्षा ही एकत्रित व्यवस्था अधिक शहाणपणाची आहे असे माझे मत आहे, कारण खुल्या माहितीमुळे साथीच्या रोगांवरचे आणि लहान देशांतले संशोधनही चालते आणि ते अडवणे कोणाच्याच हिताचे नाही. परंतु ठरावातील क्रियापद 'द्यावा' असे आहे, 'दिलाच पाहिजे' असे नाही. औषध, प्रसाधने, बियाणे आणि जैवतंत्रज्ञान या क्षेत्रांतील जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांनी स्वेच्छेने रक्कम पाठवावी, ही अपेक्षा कुठल्याही करवसुली खात्याने कधी बाळगलेली नाही. ब्राझीलने २०१५ च्या कायद्यात अशा उत्पादनांच्या निव्वळ उत्पन्नाच्या एक टक्क्यापर्यंत लाभवाटप बंधनकारक केले, आणि त्यामुळे तिथला प्रसाधन उद्योग बुडाला असे कोणी म्हणत नाही.

संमतीचा माग ठेवणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे, हा आक्षेप मी अनेक वेळा ऐकला आहे. राष्ट्रीय अधिकारक्षेत्राबाहेरच्या समुद्राविषयीचा करार १७ जानेवारी २०२६ पासून अमलात आला आहे, आणि त्यात सागरी जनुकीय संसाधनांच्या प्रत्येक संचाला प्रमाणित ओळखक्रमांक देऊन तो नमुना, क्रम आणि प्रकाशन यांच्याशी जोडण्याची तरतूद आहे. जिथे एकही माणूस राहत नाही त्या खोल समुद्रातील जिवाणूसाठी जे जमते, ते डोंगरावरच्या बाईच्या ज्ञानासाठी जमणार नाही हे मला पटत नाही. निसर्गातून आपसूक गोळा झालेल्या लाखो क्रमांना ही अट नको, त्यांच्यासाठी निधी पुरेसा आहे. पण जो नमुना एखाद्या समुदायाच्या सांगण्यावरून निवडला गेला, त्याच्या नोंदीत तसे लिहिलेले असावे, संमतीच्या अटी सोबत असाव्यात, आणि जिथे संमती नाही तिथे वापराचे ज्ञान नोंदीत येऊच नये.

संमती देणार कोण, हाही प्रश्न आहे, आणि तो सोपा नाही. मेक्सिकोतील चियापास येथे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारच्या निधीतून माया समुदायांच्या औषधी वनस्पतींवर एक मोठा प्रकल्प सुरू झाला. संशोधकांनी अनेक गावांत जाऊन, स्थानिक भाषेत समजावून संमती घेतली होती. पारंपरिक वैद्यांच्या संघटनेने मात्र म्हटले की हे ज्ञान गावागावांचे नसून सर्व मायांचे आहे, आणि काही गावांच्या होकाराने ते देता येत नाही. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. संशोधकांना हे अन्यायाचे वाटले आणि त्यांची बाजूही पोकळ नव्हती. तरी मला त्यातून एवढे दिसते की 'नाही' म्हणण्याचा अधिकार खरा असेल तर तो कधीतरी वापरला जाणारच, आणि तो वापरला गेला म्हणून संमतीची पद्धत फसली असे म्हणता येत नाही.

निवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत मी आमच्या क्षेत्रनोंदीच्या छापील अर्जात एक ओळ वाढवली होती: 'माहिती कोणी दिली, कोणत्या अटींवर'. वरिष्ठांनी ती काढायला सांगितली नाही, म्हणून ती राहिली. पहिल्याच फेरीत एका वृद्ध बाईने मला एक वेल दाखवला, त्याचे नाव सांगितले, तिच्या आजीने तो कशासाठी वापरला होता हेही सांगितले. मी अर्जातली ती ओळ तिला वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "वेलाचं नाव लिहा. बाकीचं माझ्या नातीला सांगायचं आहे, ते लिहू नका." त्या नमुन्याच्या लेबलावर शेऱ्याचा रकाना कोरा आहे. शास्त्राचे यात काही नुकसान झाले असेल तर ते मी केले, आणि मला त्याचा खेद नाही.

याच बाबतीत एक चिंता मला आपल्याकडे आवर्जून पोहोचवायची आहे. परवान्याच्या किचकट नियमांचा बोजा आज बहुतेक वेळा क्षेत्रात काम करणाऱ्या साध्या वर्गीकरणशास्त्रज्ञांवर पडतो. नवी जात शोधणाऱ्या, नामशेष होऊ घातलेल्या वनस्पतींची नोंद करणाऱ्या संशोधकाला एका नमुन्यासाठी वर्ष वर्ष थांबावे लागते, आणि ज्या कंपनीने तोच क्रम संगणकावरून उतरवून घेतला तिला कोणी विचारत नाही. जाळे इतके विचित्र विणले आहे की लहान मासे अडकतात आणि मोठे मासे त्याच्या बाजूने जातात. अव्यापारी संशोधनाला सोपी, जलद परवानगी आणि व्यापारी वापर सुरू होताच नव्याने संमती व करार, असा फरक नागोया प्रोटोकॉलच्या कलम ८ मध्ये आधीच सुचवलेला आहे. तो फार थोड्या देशांच्या नियमांत उतरला आहे.

तेव्हा माझ्या मागण्या या आहेत. आपल्या राष्ट्रीय कायद्यांतून समुदायाच्या संमतीपुढची 'देशांतर्गत कायद्यानुसार' ही अट अशा रीतीने पूर्ण करा की तो कायदा समुदायाला खरोखर नकार देण्याचा अधिकार देईल आणि राजधानीतील कार्यालय त्या नकारावर मात करू शकणार नाही. पेटंटविषयीच्या २०२४ च्या जिनिव्हा कराराला अनुसमर्थन द्या आणि आपल्या पेटंट कायद्यात मूळ देशासोबत संमतीचा पुरावा मागण्याची तरतूद करा. कॅली निधीतील योगदान आपल्या देशात नोंदणी झालेल्या कंपन्यांसाठी कायद्याने बंधनकारक करा. पुढच्या परिषदेची वाट पाहण्याची गरज नाही, कॅलीच्या ठरावाने राष्ट्रांना स्वतःचे उपाय योजण्यास मोकळीक दिलेली आहे. जनुकीय क्रमांच्या सार्वजनिक संग्रहांनी समुदायाच्या ज्ञानावरून निवडलेल्या नमुन्यांची नोंद संमतीच्या तपशिलाशिवाय स्वीकारू नये, असा ठराव आपण एकत्रितपणे करा. आणि आपल्या देशातील संग्रहालयांत, बियाणे पेढ्यांत आणि विद्यापीठांत जी लाखो जुनी लेबले पडून आहेत, त्यांतील ज्या शेऱ्यांचा स्रोत अजून शोधता येतो, तो शोधण्यासाठी कॅली निधीतील समुदायांच्या निम्म्या वाट्यातून, त्या समुदायांची इच्छा असेल तिथे, पैसा उपलब्ध करून द्या. माझ्या हाताने लिहिलेली काही लेबलेही त्यात आहेत. ज्यांनी मला ती झाडे दाखवली त्यांच्यापैकी काही जण अजून हयात आहेत, आणि त्यांची गावे मला आठवतात.

आपली नम्र,
एक निवृत्त वनस्पतिसंग्रहपाल